लग्नासाठी स्नानसंस्काराचा नवा दाखला आणि आजीच्या १९११ सालच्या नोंदीचा शोध

वसईची लेक (पुणे)

सर्वांना नमस्कार.

माझ्या मुलीचे लग्न येत्या जानेवारीत पुण्यात, आमच्या सध्याच्या धर्मग्रामात (एका चर्चच्या परिसरात, म्हणजे पॅरिशमध्ये) लागणार आहे. वरही कॅथलिकच आहे. विवाहपूर्व चौकशीच्या वेळी फादरांनी मुलीचा स्नानसंस्काराचा (बाप्तिस्म्याचा) दाखला मागितला, तेव्हा मी कपाटातून १९९७ सालचा मूळ दाखला काढून दिला. त्यावर सही आहे, गोल शिक्का आहे, आणि खराब होऊ नये म्हणून आम्ही तो तेव्हाच लॅमिनेट करून घेतला होता. फादरांनी तो पाहिला आणि परत दिला. सहा महिन्यांच्या आत काढलेला नवा दाखलाच लागेल, असे त्यांनी सांगितले. मूळ कागद हातात असताना त्याचाच नवा उतारा कशासाठी, हे मला तेव्हा समजले नाही आणि विचारायला संकोच वाटला.

वसईतील ज्या धर्मग्रामात तिचा स्नानसंस्कार झाला, तिथे भावाने अर्ज केला आणि नवा दाखला आणला. त्यात जन्मतारीख १७ ऐवजी ११ आहे. आडनाव आमच्या सर्व कागदपत्रांत 'गोन्साल्विस' आहे, ते इथे 'घोन्साल्विस' झाले आहे. तिचे दृढीकरण (श्रद्धा पक्की करणारा 'कन्फर्मेशन' संस्कार) २०१२ साली पुण्यात झाले, तरी तो रकाना कोरा आहे. शिवाय जुन्या दाखल्याच्या माथ्यावर मुंबई महाधर्मप्रांत असे आहे आणि नव्यावर वसई धर्मप्रांत (बिशपांच्या अधिकाराखालील विभाग). चर्च तेच असताना हा फरक पाहून पुण्याच्या कार्यालयात पुन्हा शंका निघेल अशी भीती वाटते.

याच निमित्ताने दुसरा प्रश्न विचारते. माझ्या आईची आई वसईचीच. आम्ही भावंडे घराण्याची माहिती एकत्र करत आहोत. आजीचा १९५८ साली काढलेला एक दाखला आमच्याकडे आहे. त्यात जन्म ९ ऑगस्ट १९११ आणि स्नानसंस्कार १५ ऑगस्ट १९११ असे लिहिले आहे. तिला संत तेरेजाचे नाव दिले होते. मात्र आजी स्वतः नेहमी सांगत असे की तिचा जन्म भाताच्या कापणीत झाला आणि तिची आई चौथ्या दिवशी खळ्यावर जाऊन बसली. ऑगस्टमध्ये कापणी कुठली? कार्यालयाने जुनी वही काढून पाहिली, पण ऑगस्ट १९११ मध्ये तिच्या नावाची नोंदच नाही, असे कळवले. नोंदच नसेल तर १९५८ चा दाखला कशावरून दिला गेला? माझ्या भाच्याला असेही वाटते की ही नोंद सापडली तर पोर्तुगीज नागरिकत्वासाठी उपयोग होईल. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना कार्यालय-सेवक (वसई)

ताई, नमस्कार.

मी एका धर्मग्रामाच्या कार्यालयात एकोणीस वर्षे दाखले लिहिण्याचे काम केले आहे. त्या अनुभवावरून आधी तुमच्या मुलीच्या दाखल्याविषयी लिहितो.

तुमच्या कपाटातील १९९७ चा कागद खराच आहे, पण तो त्या दिवसापुरता खरा आहे. स्नानसंस्काराची वही एकदा लिहून बंद होत नाही. माणसाच्या आयुष्यात पुढे दृढीकरण झाले, लग्न झाले, तो धर्मगुरू झाला, तिने कायमची व्रते घेतली, दत्तकविधान झाले, विवाह रद्दबातल ठरला, तर त्या प्रत्येक गोष्टीचा शेरा त्याच्या स्नानसंस्काराच्या नोंदीसमोर, समासात लिहिला जातो. मग तो माणूस दुबईत राहो की नागपुरात, त्याचे मूळ पान जिथे पाणी डोक्यावर ओतले गेले त्याच चर्चमध्ये असते. लग्न लावणाऱ्या फादरांना जाणून घ्यायचे असते ते एवढेच, की या पानाच्या समासात आज काय लिहिलेले आहे. १९९७ चा कागद ते सांगू शकत नाही, कारण तेव्हा मुलगी पाळण्यात होती. म्हणून नवा दाखला मागतात, आणि म्हणूनच तो वधू आणि वर दोघांकडूनही मागतात. यात तुमच्यावर अविश्वास मुळीच नाही.

आता तारखेचे पाहू. दाखला हा वहीचा उतारा असतो. त्यामुळे चूक वहीत आहे की उताऱ्यात, हे सर्वांत आधी ठरवावे लागते. १७ चे ११ झाले असेल तर मला उताऱ्याचीच शंका येते. जुन्या फादरांपैकी कित्येकांचा इंग्रजी सात वरची दांडी आखूड आणि पाय सरळ असा असे, आणि घाईत लिहिणारा तो एक म्हणून वाचतो. मीही अशी चूक दोनदा केलेली आहे. भावाला पुन्हा पाठवा आणि 'कृपया मूळ नोंद पाहून उतारा पडताळावा' असे लेखी विनंतीपत्र, सोबत महानगरपालिकेच्या जन्मदाखल्याची प्रत आणि १९९७ चा दाखला द्या. १९९७ च्या दाखल्यात १७ असेल, तर वहीत १७ असण्याची शक्यता फार मोठी आहे. मग तो दाखला रद्द करून नवा देतात, आणि हे काम पाच मिनिटांचे आहे.

वहीतच ११ लिहिले असेल, तर मात्र थोडा वेळ लागेल. वहीत कोणीही खाडाखोड करत नाही. पांढरी शाई लावत नाहीत, ब्लेडने खरवडत नाहीत, पान बदलत नाहीत. पुरावा पाहून आणि धर्मप्रांताच्या पद्धतीप्रमाणे चॅन्सलर कार्यालयाची (बिशपांच्या कागदपत्रांचे काम पाहणाऱ्या कार्यालयाची) परवानगी घेऊन समासात दुरुस्तीचा शेरा लिहितात. मूळ काय होते, बरोबर काय आहे, कोणत्या पुराव्यावरून ठरले, तारीख आणि सही, एवढे त्यात असते. जानेवारीचे लग्न म्हणजे वेळ आहे, पण आजच सुरुवात करा.

आडनावाचे सांगायचे तर वसईत हा घरोघरचा प्रश्न आहे. पोर्तुगीज आडनाव कानाने ऐकून कोणी मराठीत लिहिले, कोणी इंग्रजीत, आणि मग मराठीचे पुन्हा इंग्रजी झाले. गोन्साल्विस आणि घोन्साल्विस, मचाडो आणि मच्याडो, डिमेलोमधला वरचा स्वल्पविराम असणे आणि नसणे, हे सारे एकाच घरातल्या सख्ख्या भावांच्या कागदांत मी पाहिले आहे. लग्नाच्या फादरांना त्याची अडचण सहसा होत नाही. आई-वडिलांची नावे, धर्मपिता-धर्ममातेची नावे आणि तारखा जुळल्या की व्यक्ती तीच आहे हे त्यांना पटते. अडचण पुढे येते ती पारपत्र आणि व्हिसाच्या वेळी, म्हणून विवाहाच्या वहीत सही करण्यापूर्वी मुलीचे नाव तिच्या पारपत्राप्रमाणेच लिहिले आहे ना, हे तिने स्वतः एकेक अक्षर वाचून पाहावे.

माथ्यावरच्या धर्मप्रांताची चिंता सोडा. वसई धर्मप्रांत २२ मे १९९८ रोजी मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा झाला. तुमच्या मुलीचा स्नानसंस्कार त्याच्या आधीच्या वर्षी झाला, त्यामुळे दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर आहेत.

समासातील शेरा

वरील उत्तर अगदी योग्य आहे. मी चर्चच्या कायद्याचा थोडा अभ्यास केला असल्यामुळे त्याला आधार जोडते, कारण कार्यालयात बोलताना नियमाचा क्रमांक हाताशी असला की आपले म्हणणे अधिक आदराने मांडता येते.

चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेतील कॅनन (नियम) ५३५ प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामाने स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्या ठेवायच्या असतात. दृढीकरण आणि व्यक्तीची चर्चमधील स्थिती बदलणाऱ्या इतर गोष्टी स्नानसंस्काराच्या वहीत नोंदवायच्या असतात. त्याच कॅननचे एक वाक्य तुमच्या कामाचे आहे: हे शेरे दाखल्यावर नेहमी उतरवायचे असतात. म्हणून फक्त वरचा भाग भरून दिलेला दाखला लग्नासाठी अपुरा ठरतो. समासात काहीच नसेल तर तसेही स्पष्ट लिहून मागावे. सहा महिन्यांची मुदत संहितेत आकड्यात दिलेली नाही, ती धर्मप्रांतांच्या नियमांतून चालत आलेली आहे, पण तिच्यामागचा हेतू याच वाक्यात आहे.

दृढीकरणाचा रकाना कोरा राहिला, याचे कारण बहुधा असे की २०१२ साली पुण्याहून वसईला कळवले गेले नाही किंवा पत्र पोहोचले नाही. कॅनन ८९५ प्रमाणे ज्या ठिकाणी दृढीकरण होते तिथल्या धर्मगुरूंनी स्नानसंस्काराच्या धर्मग्रामाला कळवायचे असते. आता उपाय सोपा आहे. पुण्याच्या वहीतून दृढीकरणाचा दाखला घ्या आणि तो वसईला पाठवा, म्हणजे तिथे शेरा लिहिला जाईल आणि पुढच्या दाखल्यात येईल. लग्नानंतरही हेच घडायला हवे. कॅनन ११२२ प्रमाणे विवाह झालेल्या ठिकाणच्या धर्मगुरूंनी वधू-वरांच्या स्नानसंस्काराच्या धर्मग्रामांना शक्य तितक्या लवकर कळवायचे असते.

हा नियम जुना आहे. ट्रेन्टच्या धर्मपरिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी प्रत्येक धर्मगुरूने विवाहाची वही ठेवावी असे ठरवले, कारण गुपचूप लग्ने लावून पुढे ती नाकारण्याचे प्रकार फार वाढले होते आणि त्यात बहुधा स्त्रीच उघडी पडत असे. मला या वह्यांविषयी जो आदर वाटतो तो यामुळे. एका कागदावर दोन साक्षीदारांची नावे आली आणि कोणाच्या तरी मुलीला 'लग्न झालेच नव्हते' असे सांगणे अशक्य झाले. विवाहाचा शेरा स्नानसंस्काराच्या नोंदीसमोर लिहिण्याची सार्वत्रिक सक्ती मात्र बऱ्याच नंतर, १९०७ च्या आदेशाने आली आणि ती १९०८ च्या ईस्टरपासून लागू झाली. म्हणजे तुमच्या आजीच्या जन्माआधी अवघी तीन वर्षे. त्यामुळे तिची मूळ नोंद सापडली, तर तिच्या लग्नाचा शेराही तिथे असण्याची चांगली आशा आहे.

नोंद मुळीच सापडली नाही तरी मार्ग बंद होत नाही. कॅनन ८७६ असे सांगते की कोणाचेही नुकसान होत नसेल, तर स्नानसंस्कार झाल्याचे सिद्ध करण्यासाठी संशयातीत अशा एका साक्षीदाराचे निवेदन पुरते, किंवा मोठेपणी संस्कार घेतला असेल तर त्या व्यक्तीची स्वतःची शपथ पुरते. आजीच्या बाबतीत आता साक्षीदार उरले नसतील, पण हयात असलेल्या कोणाची नोंद पुरात किंवा वाळवीत गेली असेल, तर त्यांनी घाबरून पुन्हा बाप्तिस्मा घेऊ नये. हा संस्कार दुसऱ्यांदा देता येत नाही.

दुरुस्तीच्या शेऱ्याविषयी एक जोड. अनेक देशांत लोकांनी वहीतून आपले नाव काढून टाकण्याची मागणी केली, तेव्हा कायद्याचा अर्थ लावणाऱ्या व्हॅटिकनच्या विभागाने एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा स्पष्ट केले की ही वही सभासदांची यादी नव्हे. ती घडून गेलेल्या घटनेची नोंद आहे आणि नोंद पुसता येत नाही. तुमच्या मुलीची तारीख वहीतच चुकली असेल, तर तीही याच कारणाने समासातच दुरुस्त होईल.

जुनी अक्षरे

मी आजीच्या नोंदीविषयी लिहितो. ताई, आपल्या आजींवर विश्वास ठेवा. माझी जवळजवळ खात्री आहे की १९५८ च्या दाखल्यात महिना चुकला आहे.

त्या काळी आपल्याकडील वह्यांत नोंदी लॅटिन किंवा पोर्तुगीज भाषेत लिहिल्या जात आणि महिन्यांची नावे आखूड करण्याची एक जुनी पद्धत होती. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर या नावांत मुळात सात, आठ, नऊ, दहा हे लॅटिन आकडे आहेत, कारण जुन्या रोमन पंचांगात वर्ष मार्चपासून मोजत. म्हणून लिहिणारे ऑक्टोबरऐवजी '८ब्रिस' किंवा पोर्तुगीजमध्ये '८ब्रो' असे लिहीत. सप्टेंबरसाठी ७, नोव्हेंबरसाठी ९, डिसेंबरसाठी १०. ज्याला ही खूण माहीत नाही तो आठ आकडा पाहून आठवा महिना, म्हणजे ऑगस्ट, असे समजतो. १९५८ साली दाखला लिहिणाऱ्याने नेमके हेच केले असावे. आता कार्यालयाने दाखल्यावरून ऑगस्टची पाने पाहिली, आणि नोंद तिथे नाही. अशा जुन्या वह्यांना पुष्कळदा नावांची अनुक्रमणिका नसते, त्यामुळे महिना चुकला की माणूसच हरवतो.

माझ्या तर्काला आणखी दोन गोष्टींचा आधार आहे. एक, भाताची कापणी. दुसरी, आजींचे नाव. ज्या संताच्या सणाला किंवा त्याच्या आसपास मूल चर्चमध्ये आणले त्याचे नाव देण्याची रीत घराघरांत होती. अविलाच्या संत तेरेजा यांचा सण १५ ऑक्टोबरला येतो. लिझ्यूच्या छोट्या तेरेजा यांना संतपद १९२५ साली मिळाले, त्यामुळे १९११ मध्ये हे नाव बहुधा अविलाच्या तेरेजांवरूनच ठेवले असणार. दाखल्यात संस्काराची तारीख १५ आहे. त्या वर्षी १५ ऑक्टोबरला रविवारही होता. कृपया वहीत ऑक्टोबर १९११ ची पाने पाहायला सांगा, आणि शक्य असल्यास स्वतः समोर बसून पाहा.

पाहताना नाव मराठी उच्चाराने शोधू नका. लॅटिन नोंदीत योहान हा 'जोआनेस' होतो, जाकोब आणि तियागो हे दोघेही 'याकोबुस' होतात, घरचा इनास हा 'इग्नातियुस' होतो. घरातले हाकेचे नाव तर वहीत कधीच नसते. आधी वडिलांचे नाव धरा, मग आईचे, मग आळी किंवा गाव. 'सब कॉन्दिसियोने' असे शब्द दिसले तर दचकू नका. बाळ जन्मतःच अशक्त असले की सुईण घरीच पाणी ओतून संस्कार देई, आणि तो नीट झाला की नाही याची शंका राहिली तर चर्चमध्ये 'अट घालून' तो पुन्हा दिला जाई. असा शेरा म्हणजे त्या बाळाला वाचवण्याची घरच्यांची धडपड आहे.

त्या चर्चमध्ये वहीच उरली नसेल, तर मात्र अधिकारक्षेत्राचा इतिहास लक्षात ठेवावा लागतो. वसईतील बहुतेक धर्मग्रामे १८८६ पासून दमण धर्मप्रांतात होती आणि १९२८ मध्ये तो धर्मप्रांत विसर्जित झाल्यावर मुंबईकडे आली. १९१८ पासून लागू झालेल्या जुन्या संहितेत दरवर्षी वह्यांची प्रत बिशपांच्या कार्यालयाला पाठवण्याचा नियम होता. आजींचा जन्म त्याआधीचा आहे, पण त्यांच्या लग्नाची प्रत त्यात असू शकते. शिवाय १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याच्या कलम ३० प्रमाणे कॅथलिक विवाहांची विवरणे दर तीन महिन्यांनी सरकारच्या महानिबंधकांकडे पाठवायची असतात, तीही एक वाट आहे.

भाच्यांना सांगावे की पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग गोवा, दमण आणि दीव येथे १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्यांशी आणि त्यांच्या वंशजांशी जोडलेला आहे. वसई पोर्तुगिजांच्या हातून १७३९ सालीच गेली. १९११ मध्ये वसईत जन्मलेली व्यक्ती ब्रिटिश अमलाखाली जन्मली. कोणी दलाल या नोंदीच्या जोरावर पैसे मागत असेल, तर देऊ नयेत.

वसईची लेक (पुणे)

तिघांचेही मनापासून आभार. मी स्वतः गेल्या शनिवारी वसईला जाऊन आले आणि काय झाले ते सविस्तर लिहिते, कारण पुढे कोणाला तरी उपयोग होईल.

मुलीच्या नोंदीत १७ च आहे. कार्यालयातील ताईंनी वही माझ्यासमोर उघडली. सातचा पाय इतका सरळ आहे की मलाही आधी एकच वाटला. मग त्याच पानावरच्या '१९९७' मधला सात शेजारी धरून पाहिला, तेव्हा दोन्ही सारखे निघाले. नवा दाखला लगेच मिळाला. आडनाव वहीत खरोखरच 'घोन्साल्विस' आहे, ते तसेच राहील. दृढीकरणाचा पुण्याचा दाखला सोबत नेला होता, त्याचा शेरा फादरांनी माझ्यासमोर लिहिला.

आणि आजी सापडली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पानावर, खालून तिसरी नोंद. आठ आकडा, त्याला चिकटून लहान अक्षरे, अगदी तुम्ही लिहिले तशी. जन्म ९ ऑक्टोबर, संस्कार १५ ऑक्टोबर. शाई तांबूस तपकिरी झाली आहे, आणि जिथे लिहिणाऱ्याने टाक जोरात दाबला तिथे कागदाला बारीक भोके पडली आहेत. धर्ममातेच्या जागी जे नाव आहे ती आजीची मावशी, जिच्याकडे आजी लहानपणी राहिली असे आम्ही ऐकत आलो होतो. समासात वेगळ्या हस्ताक्षरात, वेगळ्या शाईत, १९२९ सालच्या लग्नाचा शेरा आहे आणि आजोबांचे नाव आहे. त्या दोन ओळींसमोर मी किती वेळ बसून राहिले ते सांगता येत नाही.

एक शंका राहिली. या पानाचा फोटो काढू का, असे मी विचारले, तेव्हा फादरांनी नम्रपणे नकार दिला आणि साक्षांकित उतारा देतो म्हणाले. यामागे काही नियम आहे का?

जुना कार्यालय-सेवक (वसई)

वाचून फार आनंद झाला, ताई. फादरांनी केले ते बरोबर आहे. त्याच पानावर इतर घरांच्याही नोंदी असतात, आणि त्यांत कोणाचा बाप अज्ञात असतो, कोणाचा विवाह रद्द झालेला असतो. कॅनन ४८७ प्रमाणे आपल्या स्वतःच्या स्थितीविषयीच्या कागदाची अधिकृत प्रत मिळण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण तो हक्क शेजाऱ्याच्या ओळीपर्यंत जात नाही. उताऱ्यात वहीचा खंड, पान आणि अनुक्रमांक लिहून मागा, म्हणजे पुढच्या पिढीला महिना शोधत बसावे लागणार नाही. १९५८ चा दाखलाही टाकू नका, त्याला नव्या उताऱ्यासोबतच ठेवा.

तुम्ही सांगितलेली भोके त्या जुन्या लोहयुक्त शाईची आहेत. दमट हवेत ती कागद खाते. वसईच्या पावसाळ्यात हे दरवर्षी वाढते. असा कागद घरी असेल तर तो लॅमिनेट करू नये आणि त्याला चिकटपट्टीही लावू नये. आम्लरहित कागदाच्या पाकिटात, कोरड्या जागी, सपाट ठेवावा, आणि कसर लागली आहे का हे वर्षातून एकदा पाहावे.

आता लग्न झाल्यावर तीन महिन्यांनी वसईच्या कार्यालयात एक फोन करा आणि पुण्याहून विवाहाची सूचना आली का, मुलीच्या नोंदीसमोर शेरा लिहिला गेला का, एवढे विचारा. जावयांच्या धर्मग्रामालाही हेच विचारायला सांगा.